ईएसएचा निधी आणि घरचा अभ्यास : आधी काय ठरवायचं, काय घ्यायचं

प्रश्न : आम्ही ॲरिझोनात चँडलरला राहतो. मुलगी चौथीत, मुलगा आठवीत, दोघंही पब्लिक शाळेत. येत्या ऑगस्टपासून दोघांना घरीच शिकवावं असं चाललंय, राज्याचा ईएसए निधी (एम्पॉवरमेंट स्कॉलरशिप अकाउंट, म्हणजे पब्लिक शाळेबाहेर शिकणाऱ्या मुलांच्या खर्चासाठी राज्य देतं ते पैसे) घेणार आहोत. मुलीला गणित आवडतं, पण वाचनात ती मागे आहे. एका मैत्रिणीने सगळ्या विषयांचं वर्षभराचं तयार पॅकेज सुचवलंय, पहिल्या हप्त्यातले बरेचसे पैसे त्यातच जातील. कोणता करिक्युलम घ्यावा? ऑनलाइन क्लास कसे निवडावेत? दोनेक वर्षांत पुण्याला परत जायची शक्यताही आहे.

उत्तर :

दोन गोष्टी लगेच करा. पॅकेजची ऑर्डर थांबवा, आणि ईएसएच्या करारावर सही करण्याआधी मुलीच्या शाळेला ईमेल करून स्पेशल एज्युकेशनची तपासणी मागा. शिक्षिकेशी तोंडी बोलून भागणार नाही, मागणी लेखी हवी. अपंगत्व असलेल्या मुलांच्या शिक्षणाच्या ‘आयडिया’ या केंद्रीय कायद्यानुसार पब्लिक शाळा ही तपासणी फुकट करते. तुम्ही संमतीपत्रावर सही केली की साठ दिवसांत ती पूर्ण व्हायला हवी, आणि शाळेने नकार दिला तर कारणांसह लेखी द्यावा लागतो. हीच तपासणी बाहेर खासगी मानसशास्त्रज्ञाकडे करून घेतली तर हजार-दोन हजार डॉलर सहज जातात. ईएसए घेतल्यानंतरही डिस्ट्रिक्टकडे (भागातल्या पब्लिक शाळा चालवणाऱ्या यंत्रणेकडे) तपासणी मागता येते, हे खरं. पण मूल शाळेत असताना वर्गशिक्षिकेची निरीक्षणं, वाचनाच्या चाचण्या, तिसरीतल्या एएएसए या राज्याच्या परीक्षेचा निकाल हे सगळं एका जागी हाताशी असतं. शाळा सुटली की त्यातलं निम्मं गोळा करण्यातच वेळ जातो.

तपासणीवर मी एवढा भर देते, कारण चौथीपासून सगळेच विषय वाचनातून येतात. गणिताची शाब्दिक उदाहरणं, विज्ञान, इतिहास, सगळं. ज्या मुलीला वाचायलाच त्रास होतो तिच्यापुढे सुंदर चित्रांची बारा पुस्तकं ठेवली तर तिला बारा ठिकाणी त्रास होईल, आणि तयार पॅकेजात नेमकं हेच होतं. असं पॅकेज इयत्तेच्या हिशोबाने बांधलेलं असतं. ऑगस्टमध्ये तुमची मुलगी गणितात कदाचित सहावीची असेल आणि वाचनात तिसरीची. पाचवीचा खोका तिला एका बाजूने तोकडा आणि दुसऱ्या बाजूने ढगळ होणार.

घरी आज संध्याकाळी एवढं करून बघा. तिने कधीही न पाहिलेल्या पुस्तकातलं एक पान मोठ्याने वाचायला द्या. मध्ये सुधारू नका, फक्त ऐका आणि चुका लिहून घ्या. ती ‘हाउस’ असलेल्या जागी ‘हॉर्स’ वाचते का? म्हणजे पहिलं अक्षर बघून पुढचं अंदाजाने म्हणते का? मग इंग्रजी लिपीत ‘ब्लिम’, ‘स्ट्रोप’ असे निरर्थक शब्द लिहून वाचायला सांगा. अर्थाचा आधार काढून घेतला की अक्षर आणि आवाज यांची सांगड तिला कितपत जमते ते उघड दिसतं. गोष्टीचं पुस्तक बरं वाचणारी पण हे शब्द अजिबात न जमणारी मुलं मी खूप पाहिली आहेत. त्यांची स्मरणशक्ती दांडगी असते, त्यामुळे दुसरी-तिसरीपर्यंत कोणाच्या काही लक्षात येत नाही.

आपल्या घरांत यावर ठरलेलं उत्तर येतं : घरी मराठी बोलतो ना, म्हणून इंग्रजी वाचन मागे पडलं. कृपा करून यावर विश्वास ठेवून मराठी बंद करू नका. दोन भाषा बोलल्याने वाचनाचा दोष निर्माण होत नाही. उलट ती मराठी शाळेत जात असेल तर तिथल्या शिक्षिकेला विचारा, देवनागरी वाचताना ती फार हळू जाते का, जोडाक्षरांशी अडखळते का. दोन्ही लिप्यांत तीच अडचण दिसली तर डिस्लेक्सियाची, म्हणजे अक्षर आणि आवाज जोडणं जड जाण्याच्या वाचनदोषाची, शंका बळावते. तपासणीत ते नक्की झालं तर तुम्ही काय विकत घ्यायचं तेही बरंचसं ठरून जातं : ऑर्टन-गिलिंगहॅम पद्धतीने, आवाजापासून अक्षराकडे पायरीपायरीने नेणारा वाचनाचा कार्यक्रम, आणि तो शिकवायला प्रशिक्षित माणूस. आठवड्यातून तीन-चार वेळा, एकास एक. ‘ऑल अबाउट रीडिंग’सारखा याच धर्तीचा संच आईवडीलही घरी शिकवू शकतात. त्याला शिक्षक असण्याची अट नाही, चिकाटी मात्र लागते. डिस्लेक्सिया निघाला नाही तरीही हाच मार्ग मागे पडलेल्या वाचनाला उपयोगी पडतो.

आता निधीबद्दल. ईएसए २०११ मध्ये विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी सुरू झाली आणि २०२२ पासून राज्यातल्या प्रत्येक शालेय वयाच्या मुलाला खुली झाली. विशेष गरजा नसलेल्या पहिली ते बारावीच्या मुलाला वर्षाला साधारण ७,००० ते ८,००० डॉलर मिळतात, बालवाडीला बरेच कमी. पैसे तीन-तीन महिन्यांच्या हप्त्यांनी क्लासवॉलेट या खात्यात येतात. अपंगत्वाची नोंद झाली तर रक्कम श्रेणीनुसार बदलते. ऑटिझमसारख्या श्रेणीत ती कित्येक पटींनी वाढते, वाचनाच्या अडचणीसाठी तेवढी वाढत नाही. प्रत्येक मुलाचं खातं वेगळं. भावाच्या खात्यातून बहिणीचा ट्यूटर चालत नाही. उरलेले पैसे पुढच्या हप्त्यात जमा राहतात, ‘मार्चअखेर’सारखी घाई इथे नाही. हे मुद्दाम सांगते, कारण हप्ता आला की तो संपवलाच पाहिजे असं धरून लोक ऑगस्टमध्ये घर भरून टाकतात.

कायद्यातली एक गोष्ट नीट समजून घ्या. ॲरिझोनात ‘होमस्कूल’ आणि ‘ईएसएवर घरी शिकणं’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत. होमस्कूल करणारे पालक काउंटीच्या स्कूल सुपरिंटेंडंटकडे प्रतिज्ञापत्र देतात आणि निधी घेत नाहीत. ईएसएवाले प्रतिज्ञापत्र देत नाहीत, ते शिक्षण विभागाशी करार करतात. त्या करारात वाचन, व्याकरण, गणित, सामाजिक शास्त्र आणि विज्ञान शिकवण्याची जबाबदारी तुम्ही घेता आणि डिस्ट्रिक्टला त्याच्या जबाबदारीतून मोकळं करता. दोन्ही एकदम करू नका. स्कूल ट्यूशन ऑर्गनायझेशनची (खासगी शाळेच्या फीसाठी मदत देणाऱ्या संस्थांची) शिष्यवृत्तीही ईएसएसोबत घेता येत नाही. अर्ज वर्षभर कधीही करता येतो, त्यामुळे तपासणीसाठी थांबलात तरी अर्जाची संधी जात नाही. करार झाल्यावर शाळेतून नाव लेखी काढा आणि त्याची पोच जपून ठेवा.

घोटाळा होण्यासारखी आणखी एक जागा. इंटरनेटवर ‘फ्री ऑनलाइन स्कूल’ म्हणून ज्या जाहिराती येतात त्यातल्या बऱ्याच सार्वजनिक चार्टर शाळा, म्हणजे सरकारी पैशावर चालणाऱ्या पब्लिक शाळाच असतात. त्या फुकट आहेत आणि काही चांगल्याही आहेत, पण तिथे पूर्णवेळ नाव घातलं की ईएसए बंद होतं. खासगी ऑनलाइन शाळेची फी मात्र ईएसएतून चालते. नाव घालण्याआधी एकच प्रश्न विचारा : ‘तुम्ही पब्लिक की प्रायव्हेट?’

माझं सगळ्यात ठाम मत हे आहे : हा निधी वस्तूंपेक्षा माणसांच्या वेळेवर खर्च करा. पुस्तकं स्वस्त असतात. चँडलरची लायब्ररी फुकट आहे, खान अकॅडमी फुकट आहे, गणिताचा अख्ख्या वर्षाचा उत्तम संच शंभर-दोनशे डॉलरमध्ये येतो. तुमच्या मुलाने लिहिलेला निबंध शांतपणे वाचून, कुठे गडबड झाली ते त्याला कळेल असं सांगणारा माणूस मात्र स्वस्त नसतो, आणि मुलाची प्रगती त्याच्यामुळेच होते. ज्या घरांमध्ये निधी मिळूनही वर्षअखेर हाती फारसं काही लागत नाही, तिथे कपाट भरलेलं असतं आणि मुलाचं काम नियमाने तपासणारं कोणी नसतं.

गणितापासून बघू. तुमच्या मुलीला ते आवडतं, म्हणून इथे बिघडवू नका. सिंगापूर मॅथ, सॅक्सन, मॅथ मॅमथ अशा बहुतेक प्रकाशकांच्या प्लेसमेंट टेस्ट त्यांच्या साइटवर मोफत असतात. त्या द्या, पण नुसते गुण मोजू नका, चुकीकडे बघा. समजा मुलीने पाऊण अधिक अर्धा ही बेरीज अशी केली : ३/४ + १/२ = ४/६. वरचे अंक मिळवले, खालचे मिळवले. लगेच रीत सांगू नका. विचारा, ‘४/६ हे ३/४ पेक्षा मोठं की लहान?’ ती चित्र काढून म्हणाली, ‘अरे, हे तर कमी झालं, मिळवल्यावर कमी कसं होईल?’ तर तिला अपूर्णांक समजलाय, फक्त छेद समान करायची रीत राहिली आहे. आठवडाभराचं काम. ती म्हणाली, ‘मोठं, कारण ४ आणि ६ मोठे आहेत,’ तर अपूर्णांक म्हणजे एक मोजमाप आहे हेच अजून पोचलेलं नाही. मग पाचवीचं पुस्तक बाजूला ठेवून तिसरीच्या पट्ट्या आणि संख्यारेषेवर जावं लागेल. उत्तर एकच, चूक एकच, पण त्यावरून घ्यायची पुस्तकं दोन वेगळी. कोणत्याही पॅकेजच्या विक्रेत्याला हे दुरून दिसणार नाही.

गणिताच्या आवडीला खतपाणी हवं असेल तर ‘बीस्ट अकॅडमी’ बघा. राक्षसांच्या चित्रकथांतून कठीण कोडी घालणारा हा संच आहे, मुलं त्याच्यावर बेहद्द खूश असतात. पण त्यात वाचन भरपूर आहे. तुमच्या मुलीला सुरुवातीला तुम्ही शेजारी बसून वाचून दाखवा. वाचनाच्या अडचणीपायी तिचं गणित अडता कामा नये. सिंगापूरची पट्ट्यांच्या चित्रांनी शाब्दिक उदाहरणं सोडवायची पद्धत मला स्वतःला सर्वांत पटते. सॅक्सन रोज थोडं नवीन आणि खूप उजळणी देतं. विसराळू मुलांना ते मानवतं, चटकन समजणाऱ्यांना कंटाळा आणतं.

विज्ञान आणि सामाजिक शास्त्रासाठी पाचवीत मोठा खर्च करायची गरज नाही. तयार संच बहुतेक पूर्व किनाऱ्याचे ऋतू धरून लिहिलेले असतात. ऑक्टोबरात गळलेली रंगीत पानं गोळा करा म्हणतात, आणि आपल्याकडे त्या महिन्यात दुपारी बाहेर पडवत नाही. सोनोराचं वाळवंट, तिथला उंच सग्वारो निवडुंग, जुलै-ऑगस्टमधला मॉन्सून हे तुमच्या दारातलं विज्ञान आहे. फिनिक्सचं डेझर्ट बोटॅनिकल गार्डन, ॲरिझोना सायन्स सेंटर आणि म्युझिकल इन्स्ट्रुमेंट म्युझियम एवढ्यावर एक सत्र छान जातं. जे शिकली ते ती तोंडी सांगेल, तुम्ही लिहून घ्या, आणि तेच तिने वाचायचं. स्वतःचे शब्द वाचणं सगळ्यात सोपं जातं.

आता ऑनलाइन क्लास. आउटस्कूलसारख्या ठिकाणी हजारो क्लास दिसतात आणि डोकं गरगरतं. जाहिरातीतले तारे बाजूला ठेवून तीन गोष्टी बघा. एका वेळी किती मुलं? भाषेच्या क्लासला सहा-आठच्या वर नकोत. मुलांनी केलेलं काम कोण तपासतं आणि किती दिवसांत परत देतं? आणि न जमल्यास पैसे परत मिळतात का? ईएसएतून भरलेल्या फीचा परतावा तुमच्या हातात नाही, खात्यातच जायला हवा, हेही आधीच सांगून ठेवा.

शिक्षिकेला एक निरोप लिहा : ‘नाव झाकून, तुम्ही तपासलेला एखाद्या मुलाचा परिच्छेद दाखवाल का?’ चांगली शिक्षिका आनंदाने दाखवते. एका तपासलेल्या परिच्छेदाखाली ‘ग्रेट जॉब’ आणि तारा असतो. दुसऱ्याखाली लिहिलेलं असतं, ‘तुझी तीन वाक्यं लागोपाठ “देन”ने सुरू झाली आहेत. दुसरं वाक्य पहिल्याला जोडून बघ आणि मला पुन्हा पाठव.’ तासाला दहा डॉलर जास्त पडले तरी दुसरीकडे जा. चित्रकला, बुद्धिबळ, कोडिंग यांत वर्ग मोठा असला तरी चालतो. लेखनात आणि वाचनात नाही.

दहा वर्षांच्या मुलीला दिवसाला एका लाइव्ह क्लासपेक्षा जास्त देऊ नका. दिवसभर स्क्रीनपुढे बसवायचं असेल तर शाळा काय वाईट होती? आठवीनंतरच्या मुलाला दोन झेपतात.

वेळापत्रकात इथल्या लोकांना दरवर्षी नडणारी एक गोष्ट सांगते. ॲरिझोनात घड्याळ पुढेमागे करत नाहीत, पण क्लास घेणारी शिक्षिका बहुधा घड्याळ बदलणाऱ्या राज्यात असते. न्यूयॉर्कच्या वेळेने सकाळी दहाचा क्लास आपल्याकडे हिवाळ्यात आठला आणि उन्हाळी वेळेत सातला येतो. नोव्हेंबर आणि मार्चमध्ये क्लास हुकण्याचं हे हमखास कारण. भारतातल्या शिक्षकांच्या बाबतीत उलट सोय आहे : भारतही घड्याळ बदलत नाही, त्यामुळे वर्षभर साडेबारा तासांचं अंतर कायम. इथे संध्याकाळी सात म्हणजे पुण्यात दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसात. संस्कृत, तबला, मराठी यांसाठी ही वेळ अगदी जुळते. फक्त भारतातल्या शिक्षकाची फी निधीतून चालेल असं गृहीत धरून सुरुवात करू नका. विभागाकडून लेखी होकार येईपर्यंत ती स्वतःच्या खिशातून द्या.

कागदपत्रांवर थोडं. प्रत्येक इनव्हॉइसवर विक्रेत्याचं किंवा शिक्षकाचं नाव-पत्ता, मुलाचं नाव, तारखा, नेमकं काय दिलं त्याचं वर्णन, रक्कम आणि पैसे भरल्याची नोंद हवी. ‘ट्यूशन, सप्टेंबर’ एवढंच लिहिलेलं बिल परत येतं. ‘इंग्रजी वाचन, एकास एक, दर मंगळवारी आणि गुरुवारी, प्रत्येकी एक तास’ असं लिहून घ्या. ट्यूटरच्या पात्रतेचा कागद पहिल्या दिवशीच मागून घ्या, नंतर मागताना अवघडल्यासारखं होतं. पूरक साहित्य, म्हणजे मायक्रोस्कोप, ठोकळे, वाद्य वगैरे, कोणत्या अभ्यासक्रमाला धरून घेतलं त्याचं एक पान जोडून ठेवा. २०२४ च्या जुलैत राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या (सरकारच्या मुख्य वकिलाच्या) कार्यालयाने या मुद्द्यावर आक्षेप घेतला, विभागाने असा कागद मागायला सुरुवात केली आणि पालक त्याविरुद्ध कोर्टात गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून २,००० डॉलरपर्यंतची रीइम्बर्समेंट, म्हणजे आपण आधी केलेल्या खर्चाची भरपाई, आधी मंजूर करून नंतर तपासायची पद्धत आली. मंजुरी लवकर मिळते, म्हणजे सगळं बरोबर आहे असा अर्थ काढू नका. पुढे तपासणीत खर्च नामंजूर झाला तर पैसे परत भरावे लागतात. पालकांसाठीची नियमपुस्तिका स्टेट बोर्ड मंजूर करतं आणि ती बदलत राहते. चालू वर्षाचीच प्रत वाचा, फेसबुकवरच्या मैत्रिणीची दोन वर्षांपूर्वीची माहिती नको.

मुलाचं प्रकरण वेगळं आहे, आणि खरं तर त्याच्याबाबत निर्णय जास्त अवघड आहे. नववीपासून प्रत्येक विषयाची नोंद कॉलेजपर्यंत जाते. ॲरिझोनाची सरकारी विद्यापीठं सोळा वर्षविषय (एक विषय एक वर्ष, असा एक) बघतात : इंग्रजी चार, गणित चार, प्रयोगशाळेसह विज्ञान तीन, सामाजिक शास्त्र दोन, एकच दुसरी भाषा दोन वर्षं, आणि ललित कला किंवा व्यवसाय शिक्षण एक. एका कागदावर चार वर्षांचे चार रकाने आखून हे सोळा चौकोन आजच भरून बघा. कोणता विषय घरी, कोणता क्लासला, कोणता कॉलेजात, हे त्यातूनच सुचेल. दुसऱ्या भाषेच्या चौकोनात मराठीचा विचार जरूर करा. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा आहेत, त्याच्या जोडीला भाषा-प्रावीण्याची एखादी मान्य चाचणी दिली तर नोंद भक्कम होते. ती कितपत धरतील हे ज्या कॉलेजात जायचं त्याच्या प्रवेश कार्यालयाला आधी विचारा.

विज्ञान आणि वरचं गणित घरी खेचत बसू नका. मॅरिकोपा कम्युनिटी कॉलेजेस जवळ आहेत, चँडलर-गिल्बर्ट तर तुमच्या गावातच. पंधरा-सोळाचा झाला की तिथे एखादा विषय घ्यावा. एएसयूच्या (ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या) युनिव्हर्सल लर्नर कोर्सेसची सोय मला फार आवडते. सुरुवातीला थोडकं शुल्क भरून विषय करायचा, शेवटी ग्रेड बघायची, आणि ती पसंत पडली तरच क्रेडिटसाठी मोठी रक्कम भरायची. नाही जमलं तर मुलाच्या नोंदीवर डाग राहत नाही. एपी परीक्षांची, म्हणजे हायस्कुलात देता येणाऱ्या कॉलेज-पातळीच्या परीक्षांची फी ईएसएतून चालते, पण परीक्षेला बसवून घेणारी शाळा तुम्हालाच शोधावी लागते. मे महिन्यातल्या परीक्षेसाठी ते काम सप्टेंबरमध्ये करायचं. फेब्रुवारीत फोन केलात तर कोणी घेत नाही.

आता पुण्याला परतण्याबद्दल. मुलासाठी हाच निकष सगळ्यात वर ठेवा. सीबीएसईत दहावी आणि बारावीला मध्येच प्रवेश मिळणं फार कठीण असतं, कारण नववी-दहावी आणि अकरावी-बारावी हे दोन-दोन वर्षांचे जोडअभ्यासक्रम आहेत. परतायचंच असेल तर नववीच्या किंवा अकरावीच्या सुरुवातीला परता. तिथली शाळा मागची इयत्ता मान्यताप्राप्त संस्थेतून पूर्ण केल्याचा दाखला मागेल. आईने बनवलेलं गुणपत्रक तिथे चालत नाही. बारावी इथे करून भारतात कॉलेजला जायचं असेल तर असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजकडून समकक्षता घ्यावी लागते, तिथेही शाळेची मान्यता बघतात. म्हणून मुलाच्या बाबतीत माझा सल्ला स्पष्ट आहे : नववीपासून त्याला कॉग्नियासारख्या संस्थेची मान्यता असलेल्या खासगी ऑनलाइन शाळेत घाला, फी ईएसएतून भरा, आणि उरलेल्या पैशांत लेखनासाठी एक चांगला शिक्षक लावा. घरच्या स्वातंत्र्याचा काही भाग यात जातो, पण दोन्ही देशांची दारं उघडी राहतात. मुलीला ही काळजी आत्ता नाही. चौथी-पाचवीतल्या मुलीला भारतातल्या शाळा बहुधा स्वतःची छोटी परीक्षा घेऊन प्रवेश देतात. फक्त दरवर्षी एक प्रमाणित चाचणी द्या. ईएसएत तिची सक्ती नाही, पण फी निधीतून चालते आणि हातात एक त्रयस्थ कागद राहतो.

टेक्सासमधल्या ओळखीच्यांना हे उत्तर पाठवणार असाल तर एवढं सांगा, की त्यांचं गणित निराळं आहे. तिथे कायदा २०२५ मध्ये झाला, निधी २०२६-२७ पासून, आणि घरी शिकणाऱ्या मुलाला वर्षाला २,००० डॉलरपर्यंतच. त्यात वाचनाचा ट्यूटर किंवा लेखनाचा क्लास, यांपैकी एकच बसेल. फ्लोरिडाच्या पीईपीत (घरी शिकणाऱ्यांसाठीच्या तिथल्या निधीत) रक्कम इथल्याइतकीच आहे, पण दरवर्षी प्रमाणित चाचणी आणि लेखी अभ्यासयोजना बंधनकारक आहे. न्यू जर्सीच्या मंडळींना असा निधीच नाही.

तुमच्या पहिल्या तीन महिन्यांची खरेदी मी अशी करेन. मुलीसाठी वाचनाची प्रशिक्षित शिक्षिका, आठवड्याला तीन तास. निधीचा मोठा भाग इथेच जाऊ द्या. गणिताचा एक संच, प्लेसमेंट टेस्टने ठरलेल्या पायरीचा, आणि तोही अर्ध्या वर्षाचाच. बाकी लायब्ररी. लेखनाचा क्लास जानेवारीनंतर, वाचन थोडं मोकळं झाल्यावर. मुलासाठी ऑनलाइन शाळेची पहिल्या सत्राची फी आणि एक लेखनाचा क्लास. लॅपटॉप असेल तर नवा नको. ऑक्टोबरच्या शेवटी मुलीला आज वाचायला दिलेलं तेच पान आणि तेच निरर्थक शब्द पुन्हा वाचायला द्या, चुकांच्या दोन्ही याद्या शेजारी ठेवा, आणि पुढचा हप्ता कुठे घालायचा ते त्यावरून ठरवा. तपासणीच्या मागणीचा ईमेल मात्र उद्या सकाळी जाऊ द्या. मे संपला की शाळेची माणसं सुटीवर जातात आणि साठ दिवसांचं घड्याळ तुमची संमती घेतल्याशिवाय सुरू होत नाही.